सीबीसीटीसाठी पेशंट म्हापशालाच का पाठवते

माझा दातांचा दवाखाना फोंड्यात. इम्प्लांटचे, अडकलेल्या अक्कलदाढेचे पेशंट मी सीबीसीटीसाठी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्सरे स्कॅनसाठी, म्हापशाच्या एका सेंटरला पाठवते. लांब पडतं, पेशंट कुरकुरतात, तरी पाठवते.

मशीन आता सगळीकडेच चांगली असतात. इथली टेक्निशियन मात्र सोन्यासारखी आहे. एका मावशींबरोबर मी स्वतः गेले होते. तिने आधी कुड्या, केसांतल्या पिना, वरची कवळी काढायला लावली. हनुवटी टेकवली, कपाळाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "मावशी, आतां हालूं नाका, गिळूंय नाका."

सगळं इथेच ठरतं. मशीन डोक्याभोवतीच्या एका फेरीत शेकडो सपाट एक्सरे घेतं. कॉम्प्युटर प्रत्येकाला गणिती गाळणी लावतो आणि किरण ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलटे पसरवून जबड्याचा त्रिमितीय ठोकळा उभा करतो. ही रीत फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या फोर्ड मोटर कंपनीतल्या तिघांनी १९८४ साली मांडली. गाळण्यांमधली प्रसिद्ध राम-लॅक तर आपल्या रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांची, १९७१ची. मला याचा फार अभिमान वाटतो. पण डोकं फेरीभर जागचं हललं नाही, असं धरूनच हा हिशेब चालतो. हललं की कडा दुहेरी दिसतात, खालच्या जबड्यातली नसेची नळी पुसट होते. इम्प्लांट त्या नळीपासून निदान २ मिलिमीटर लांब ठेवायचा असतो. पुसट चित्रावर ते अंतर कसं मोजू?

एकदा दाताच्या मुळाला तडा असल्याची शंका होती. फोन केला, तर साठवलेल्या कच्च्या डेटावरून तेवढाच भाग त्यांनी बारीक व्हॉक्सेलने (त्रिमितीय चित्र ज्या छोट्या ठोकळ्यांचं बनतं ते) पुन्हा बनवून दिला. पेशंटला दुसऱ्यांदा किरणं घ्यावी लागली नाहीत. याआधीच्या एका सेंटरने नुसती छापील पानं हातावर ठेवली होती, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागितली तर नाही म्हणाले.

रिपोर्टही प्रामाणिक असतो. धातूच्या कॅपशेजारी चित्रात काळे पट्टे येतातच. त्यांना इथे कोणी कीड म्हणून लिहीत नाही.

तक्रार एकच, सीडीवरचा व्ह्यूअर फक्त विंडोजवर चालतो. डायकॉमचा फोल्डर पेनड्राइव्हवर वेगळा मागून घ्या. आणि शुक्रवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही; दुसऱ्या कुठल्याही दिवशी जा.