सायकल कॅम्पिंगसाठी छोटा हेडलॅम्प: बिंदी, एनयू२५, टिक्का की ई प्लस लाइट?

हेडलॅम्प निवडायला बसलं की सगळ्यात आधी लुमेनचा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचा, आकडा बघितला जातो, ४०० दिसले की २०० वाला आपोआप मागे पडतो, आणि सायकल कॅम्पिंगच्या बाबतीत इथंच निवड चुकते असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण रस्त्यावर उजेड पाडायचं काम हँडलवरच्या लाइटचं आहे. डोक्यावरच्या दिव्याचं काम सायकल थांबल्यावर सुरू होतं, तंबू लावताना, स्टोव्ह पेटवताना, बॅगेच्या तळाशी गेलेला मोजा शोधताना, चेन उतरली तर ती परत बसवताना, आणि मध्यरात्री उठून तंबूबाहेर जाऊन यायचं असतं तेव्हा. ही सगळी हाताच्या अंतरावरची कामं, त्यांना ५ ते ५० लुमेन पुरतात, खरंच पुरतात. त्यामुळं दिवा सगळ्यात जास्त किती चमकतो यापेक्षा तो सगळ्यात मंद किती होतो आणि त्या मंद उजेडावर किती रात्री निघतात हे आधी बघा.

मी चार दिवे समोर ठेवतोय, चारही वेगवेगळ्या जातीचे आहेत म्हणून. पेट्झल बिंदी, ३५ ग्रॅम, २०० लुमेन, आत चार्जिंगची बॅटरी, पट्ट्याऐवजी बारीक दोरी. नाइटकोर एनयू२५ यूएल, पट्ट्यासकट ४५ ग्रॅम, ४०० लुमेन, हाही चार्जिंगचा. पेट्झल टिक्का, तीन ट्रिपल ए सेलवर चालणारा, ३५० लुमेन, सेलसकट ऐंशी ग्रॅमच्या जरा वर. आणि पेट्झल ई प्लस लाइट, २६ ग्रॅम, दोन सीआर२०३२ म्हणजे घड्याळात असतात तसले बटण सेल, ५० लुमेन.

आता वजनाचं आधी संपवून टाकू, कारण त्यात फार काही नाही. सायकलवर ४०-५० ग्रॅमचा फरक कळत नाही, एक भरलेली बाटलीच पाऊण किलोची असते. पण कपाळावर तो कळतो. खाली वाकून मागच्या चाकाशी काही करत असाल तर ऐंशी ग्रॅमचा दिवा थोडा पुढे ओढतो, घाम आला की पट्टा सरकतो आणि मग दर दोन मिनिटांनी तो वर करत बसायचं. ३५-४५ ग्रॅमचा दिवा डोक्यावर आहे हे विसरायला होतं. मोजताना मात्र सगळं मोजा, टिक्कासोबत एक जास्तीचा सेलचा सेट घेतला की ३४-३५ ग्रॅम अजून वाढले, चार्जिंगवाल्याला केबल लागते पण ती फोनसाठी तशीही बॅगेत असते.

बॅटरीचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरा फरक तिथं आहे. एमएएच आणि वॉट-तास ही दोन्ही बॅटरीत किती वीज मावते याची मापं, वेगवेगळ्या जातीच्या बॅटऱ्यांची तुलना वॉट-तासांत करता येते. एनयू२५ यूएलमध्ये ६५० एमएएचची बॅटरी आहे, म्हणजे साधारण २.४ वॉट-तास. बिंदीत ६८०, म्हणजे जवळजवळ तेवढंच. टिक्कातले तीन अल्कलाइन सेल मंद उजेडावर वापरले तर साडेचार वॉट-तासांच्या आसपास देतात, म्हणजे दुप्पट, आणि ई प्लस लाइटचे दोन बटण सेल मिळून सव्वा ते दीड. म्हणून ४०० लुमेन हा आकडा वाचताना हे डोक्यात ठेवा, एवढ्याशा बॅटरीतून तो उजेड फार वेळ निघूच शकत नाही, झटकन लांबचं काही बघायचं तेवढ्यापुरता तो आहे. खोक्यावर जो तासांचा आकडा असतो ना, तो एफएल१ नावाच्या मानकाप्रमाणे मोजलेला असेल तर त्याचा अर्थ दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे २०० लुमेनचा दिवा मोजणी संपताना २० लुमेनवर आलेला असतो. त्याच मानकात मीटरमधला पल्ला म्हणजे जिथं पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो तिथपर्यंतचं अंतर. पल्ला दुप्पट करायचा तर त्या दिशेला उजेड चौपट तीव्र लागतो, त्यामुळं लुमेन दुप्पट झाले म्हणून दुप्पट लांबचं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बिंदीचा मंद मोड ६ लुमेनचा आहे आणि कंपनी तो ५० तास सांगते. रोज रात्री दोन तास धरले तर खूप झाले की. प्रत्यक्षात मधेमधे उजेड वाढवला जातो, त्यामुळं मी स्वतः पाच-सहा रात्रींचाच हिशोब धरतो आणि तेवढा तो निभावतो. एनयू२५ चा सगळ्यात मंद मोडही असाच तंबूत वाचायला पुरेसा आहे, आणि त्याच्या वरचा मोड स्वयंपाकाला अगदी बरोबर.

तंबूच्या आत मोठा उजेड नुसता निरुपयोगी नाही तर त्रासदायक होतो, पांढऱ्या कापडावर आपटून तो परत डोळ्यात येतो, शेजारच्या तंबूतला झोपलेला माणूस जागा होतो. आणि डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका प्रखर झोतात ती सवय मोडते. यासाठी लाल उजेड. रात्री अंधुकात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत, म्हणून मंद लाल उजेडात काम करून बाहेर आलं तरी चांदणं दिसत राहतं. किडेही पांढऱ्यापेक्षा लालवर कमी येतात, जेवताना याची किंमत कळते. या चौघांतही लाल उजेड आहे. पण दिवा लाल मोडमध्येच सुरू करता येतो की आधी पांढऱ्यातून जावं लागतं हे जरूर बघा, एनयू२५ ला त्यासाठी वेगळं बटण आहे आणि मला ती सोय फार आवडते.

आता लॉकबद्दल, म्हणजे बॅगेत बटण चुकून दाबलं गेलं तरी दिवा लागू नये याची सोय. माझा एक जुना चार्जिंगचा दिवा होता, या चौघांतला नाही, लॉक नसलेला. दिवसभर खडबडीत रस्त्यानं सायकल चालवली, दिवा हँडलबॅगेत टूलच्या डब्याशेजारी, संध्याकाळी तंबू काढला आणि दिव्याचं बटण दाबलं तर काही नाही. परत दाबलं. हात लावला तर दिवा कोमट होता. म्हणजे तो कधीतरी वाटेत दाबला जाऊन बॅगेत तासन्‌तास जळत होता आणि नुकताच विझला होता. त्या रात्री फोनचा टॉर्च दातात धरून तंबूच्या खुंट्या ठोकल्या, आणि तेव्हापासून लॉक नसलेला दिवा मी कोणालाच सुचवत नाही. बिंदीला लॉक आहे, एनयू२५ लाही बटणं दाबून करायचा लॉक आहे, ई प्लस लाइटचं गोल फिरवायचं स्विच लॉकवर नेऊन ठेवता येतं आणि ते आपोआप फिरत नाही. सेलवाल्या दिव्यात लॉक नसला तरी एक सेल उलटा घालून ठेवायची जुनी युक्ती आहे, ती चालते.

दोरी की पट्टा, यावर मी आधी पट्ट्याच्या बाजूनं होतो. मग एकदा रात्री पंक्चर काढताना मत बदललं. ट्यूबला भोक सापडलं, पॅच लावला, पण टायरमध्ये काय घुसलंय ते दिसेना, बोट फिरवलं तर काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं पण डोळ्याला काही नाही. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळं वस्तूची सावली नेमकी वस्तूच्या मागेच पडते आणि सगळं सपाट दिसतं. दिवा काढून हातात घेतला, टायरच्या आतल्या बाजूनं आडवा धरला, आणि लगेच एक बारीक लांबट सावली दिसली, केसाएवढी तार होती, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघते ना तसली. पकडीनं ओढून काढली. बिंदीची दोरी एका हातानं निघते आणि मनगटाला गुंडाळताही येते, एनयू२५ चा पट्टा बारीक आहे त्यामुळं तोही पटकन निघतो. टिक्काचा रुंद पट्टा डोक्यावर जास्त आरामात बसतो हेही खरं, तास-दोन तास सलग घालायचा असेल तर तोच बरा, दोरी तासाभरानं कपाळाला जाणवते.

आणि हेल्मेटवर लावून चालवायचं असेल तर? आधाराला म्हणून ठीक, वळणावर बघाल तिकडे उजेड जातो, चढावर सायकल कॉम्प्युटर वाचता येतो. पण धुकं किंवा धूळ असेल तर डोळ्याजवळच्या दिव्याचा उजेड कणांवरून थेट परत डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खाली हँडलवरच्या लाइटनं ते कमी होतं. शिवाय डोक्यावरच्या उजेडात खड्ड्याची सावली दिसत नाही, टायरमधल्या त्या तारेसारखंच, त्यामुळं खड्डा उशिरा कळतो. म्हणून हेडलॅम्पला मुख्य लाइट समजू नका, ४०० लुमेन असले तरी.

पाण्याचं बघाल तर आयपी हे धूळ-पाणी रोखण्याचं मानक, त्यातला पहिला आकडा धुळीचा (एक्स म्हणजे तो दिलेला नाही) आणि दुसरा पाण्याचा. बिंदी आणि टिक्का आयपीएक्स४, म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी चालतं, एनयू२५ यूएल आयपी६६, धूळ आत जात नाही आणि जोराचा फवाराही सोसतो, ई प्लस लाइट आयपीएक्स७, एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसात तंबू लावायला चौघंही पुरे. कच्च्या रस्त्यावरून रोज जात असाल तर धुळीचा तो पहिला ६ कामाचा.

चार्जिंगमध्ये एक गोष्ट बघितली नाही तर पस्तावाल. एनयू२५ यूएलला यूएसबी-सी आहे, माझ्याकडच्या बिंदीला जुनं मायक्रो यूएसबी, म्हणजे तेवढ्यासाठी एक वेगळी केबल. काही स्वस्त दिव्यांवर यूएसबी-सीचं भोक असतं पण दोन्हीकडून सी असलेल्या केबलनं ते चार्जच होत नाहीत, एका बाजूला जुनं चौकोनी टोक असलेलीच लागते, हे घरीच करून बघा. १०,००० एमएएचची पॉवर बँक असेल तर एवढासा दिवा नुकसान धरूनही दहाच्या आसपास वेळा भरून निघतो, त्यामुळं आठवडाभराच्या ट्रिपला चार्जिंगची काळजी उगाच आहे. हब डायनामो, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेला, चाक फिरलं की वीज देणारा, असेल तर तो ६ व्होल्ट ३ वॉटचा असतो, चढावर वेग पडला की प्रवाह तुटतो, म्हणून दिवा थेट त्यावर न लावता आधी पॉवर बँक भरा, मग तिच्यावरून दिवा. थंडीत चार्जिंगची बॅटरी लवकर मान टाकते, रात्री दिवा स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

मग कोणी कुठला घ्यावा. शनिवार-रविवार ते दहा-बारा दिवसांच्या ट्रिपा करत असाल आणि पॉवर बँक सोबत असतेच, तर एनयू२५ यूएल घ्या, मी फार विचार करणार नाही. वेगळं लाल बटण, धूळ-पाण्याचा बंदोबस्त, सी केबल, सगळं जमून येतं. मुख्य दिवा म्हणून सगळ्यात हलका हवा, खिशात राहील असा, आणि मंद उजेडच जास्त वापरता, तर बिंदी, फक्त केबल विसरू नका. पंधरा दिवसांहून लांब, वीज कधी मिळेल सांगता येत नाही अशा वाटेला जाताय, तर टिक्का. ट्रिपल ए सेल कुठंही मिळतात, थंडीसाठी लिथियमचे टाकले तर ते वजनालाही हलके आणि गोठणाऱ्या थंडीतही चालतात, आणि याच टिक्कात कंपनीची १२५० एमएएचची चार्जिंगची कोर बॅटरीही बसते, २३ ग्रॅमची, म्हणजे दोन्ही रस्ते मोकळे. अल्कलाइन सेल मात्र ट्रिप संपली की लगेच बाहेर काढा, फुटून पाझरले की आतले पत्रे खातात.

ई प्लस लाइट एकटा मुख्य दिवा म्हणून मी घेणार नाही, ५० लुमेन आणि तेवढीशी बॅटरी, रोज वापरला तर बटण सेल बदलत बसायचं. पण दुसरा दिवा म्हणून याच्यासारखा नाही. सेल आत ठेवून १० वर्षं पडून राहिला तरी चालेल असा तो बनवलाय, पट्ट्याला शिट्टी आहे, आणि डबीसकट पंक्चरच्या सामानात मावतो. माझा तिथंच असतो, पॅचच्या डबीखाली, आणि दरवर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी एकदा काढून लावून बघतो.