लिनक्स कर्नलचं मेमरी ॲलोकेशन गाइड, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आधी हे वाचा

लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमचा गाभा) अधिकृत डॉक्युमेंटेशनमधे मेमरी ॲलोकेशन (कोडसाठी मेमरी मागून घेणं) गाइड म्हणून एक पान आहे, फुकट आहे, छोटं आहे, आणि तरी नवीन पोरं ते न उघडता कुठल्यातरी जुन्या ड्रायव्हरमधली ओळ उचलून चिकटवतात, म्हणून हा रिव्ह्यू.

सगळ्यात भारी म्हणजे ते फिरवाफिरवी करत नाही. केमॅलॉक (सलग मेमरी देणारं फंक्शन), व्हीमॅलॉक (विखुरलेले तुकडे जोडून देणारं), थेट पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) असे ढीगभर पर्याय आहेत हे सांगतं आणि लगेच म्हणतं की बहुतेक वेळा तुम्हाला केझॅलॉक (शून्यानं भरलेली मेमरी देणारं केमॅलॉक) आणि जीएफपी कर्नल (मेमरी कशी मिळवायची ते सांगणारा फ्लॅग) एवढंच लागणार. नवशिक्याला असं ठाम उत्तर हवं असतं!

फ्लॅगचा भाग दोनदा वाचा. जीएफपी कर्नल दिला आणि मेमरी कमी पडली तर कर्नल तुमचा कोड थांबवून आधी जागा मोकळी करू शकतो, म्हणून इंटरप्ट हँडलरमधे (हार्डवेअरनं हाक मारली की लगेच चालणारा कोड) किंवा स्पिनलॉक (हे कुलूप धरून कोडनं थांबायचं नसतं) धरलेला असताना तो चालतच नाही. मग लोक डोळे झाकून न थांबणारा जीएफपी ॲटॉमिक टाकतात. गाइड म्हणतं आधी जीएफपी नोवेट बघा, तोही थांबत नाही, कारण ॲटॉमिक राखीव साठ्यात हात घालतो, आणि तो साठा अख्ख्या सिस्टीमचा आहे, तुमच्या एका ड्रायव्हरचा नाही. एकदम पटलं. मेमरी नाही मिळाली तर नल परत येतो, तो तपासायचं मात्र कुठेच सोडू नका, ॲटॉमिकलासुद्धा नाही.

मोठ्या बफरसाठी केव्हीमॅलॉक सुचवलंय तेही बरोबर, आधी केमॅलॉक करून बघतं, सलग जागा नाही मिळाली तर व्हीमॅलॉककडे जातं (सोडताना केव्हीफ्री, साधं केफ्री नाही). हार्डवेअरला डीएमएसाठी (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरी वापरणं) मेमरी द्यायची असेल तर जुना जीएफपी डीएमए विसरा, डीएमए ॲलॉकवाली फंक्शन्स वापरा.

एक स्टार कापला तो डेव्हएम केझॅलॉकसाठी (डिव्हाइसला बांधलेलं केझॅलॉक). त्याची माहिती वेगळ्या पानावर शोधावी लागते आणि ड्रायव्हरवाल्यांना तर तेच रोज लागतं. प्रोब (डिव्हाइस सुरू करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) फेल झाला किंवा ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की मेमरी आपोआप परत जाते, छान वाटतं, पण समजा कोणी यूएसबी डिव्हाइस उपटलं आणि ॲपनं फाइल उघडीच ठेवलीय, तर ड्रायव्हरचं स्ट्रक्चर आधीच गेलेलं असतं आणि पुढचा रीड थेट फ्री झालेल्या मेमरीत. अशा ठिकाणी रेफरन्स काउंट (किती जण वापरतायत त्याची मोजणी) ठेवून स्वतः फ्री करणंच योग्य, आणि हे ठळक अक्षरात लिहायला हवं होतं.

जुन्या ट्यूटोरियल्समधे अजून स्लॅब, स्लॉब, स्लब असे तीन ॲलोकेटर (केमॅलॉकच्या मागे मेमरी वाटणारा कोड) शिकवतात, त्यात वेळ घालवू नका, स्लॉब कर्नल 6.4 मधे काढला, स्लॅब 6.8 मधे, आता फक्त स्लब आहे.

वाचून झालं की टेस्ट कर्नलमधे केसॅन (फ्री झालेल्या मेमरीला हात लावला तर पकडतं) आणि डीबग ॲटॉमिक स्लीप हे दोन्ही ऑन करा, चुकीच्या जागी जीएफपी कर्नल वापरला असेल तर हे दुसरं लॉगमधे कॉल ट्रेससकट (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं त्याची यादी) दाखवतं.

5 पैकी 4.