नोकिया एन९००वर माएमो लेस्ते: कीबोर्डप्रेमींनी जरूर टाकावं

२००९चा एन९००. पडदा सरकवला की खाली खराखुरा कीबोर्ड! त्यावरची मूळची ऑपरेटिंग सिस्टीम, माएमो ५, केव्हाच मागे पडली, म्हणून देवुआन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेलं माएमो लेस्ते टाकलं. बुधवार पेठेतून मायक्रोएसडी कार्ड आणलं, त्यावर सिस्टीमची इमेज (तयार फाइल) चढवली, फोनमध्ये यू-बूट (फोन सुरू होताना सिस्टीम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) बसवलं. नवी सिस्टीम कार्डावरून चालते, जुनी आत शाबूत. ही सोय फार आवडली.

रॅम अवघी २५६ एमबी, ब्राउझरच्या नादी लागू नका. पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी! कात्रजच्या पीएमटी बसमध्ये बसून, दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून घरच्या सर्व्हरवर शिरलो. निळ्या बाणाची की दाबून चिन्हं काढताना अंगठ्यांना मिळतं ते सुख काचेवर नाही.

एकमेव फोन म्हणून मात्र वापरू नका. चार्जिंगची केबल जपून लावा, तो सॉकेट नाजूक आहे. बॅटरी झाकण काढून सहज बदलता येते.