पिक्सेल कशात उतरवायचे: पडदा, मणी, टाके की रंग?

१९७८च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मधला खेकड्यासारखा परग्रहवासी ११ बाय ८ चौकटींत मावतो. त्या ८८ चौकटींपैकी ४६ भरल्या की झाला तयार. जुन्या गेम्सवरून काही करावंसं वाटतंय पण माध्यम ठरत नाही, अशांना मी याच खेकड्यापासून सुरुवात करायला सांगते. चारही माध्यमांत तो करून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की कुठल्या माध्यमातली चूक तुम्हाला सोसवेल, त्यावरून माध्यम निवडावं.

पडद्यावर चूक फुकट असते. दोन बटणं दाबली की मागचं सगळं परत. गंमत अशी की याच सोयीमुळे चित्र संपत नाही. रंग बदलत बसण्यात रात्र जाते. यावर उतारा म्हणजे जुन्या यंत्रांची बंधनं स्वतःवर लादून घेणं. निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रात एका हलत्या चित्राच्या तुकड्याला तीनच रंग मिळायचे, चौथा पारदर्शक. मारिओची मिशी आणि टोपी अशाच अडचणीतून आली: १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये तेवढ्याशा चेहऱ्यात तोंड आणि केस काढणं अवघड होतं. तुम्हीही तीन रंगांवर अडून बसा, हात आपोआप शहाणा होतो. मोठं करताना मात्र पूर्ण पटीतच करा, ‘निअरेस्ट नेबर’ (शेजारचे रंग न मिसळता चौकट तशीच मोठी करणारा) पर्याय निवडून, आणि जेपेगऐवजी पीएनजीत साठवा. नाहीतर कडांना बुरशी आल्यासारखी दिसते.

इस्त्रीने वितळवायच्या मण्यांचं काम सगळ्यात झटपट. नेहमीचा मणी ५ मिलिमीटरचा, म्हणजे खेकडा साडेपाच सेंटिमीटर रुंद. खुंट्यांच्या पाटीवर मणी लावेपर्यंत चूक सुधारता येते. इस्त्री फिरली की संपलं. माझा पहिला खेकडा मी ‘अजून जरा’ म्हणत दाबला आणि पायांमधली फट बुजून त्याचं बेडूक झालं. बेकिंगचा कागद मध्ये ठेवा, इस्त्री गोल गोल फिरवा, आणि मण्यांची भोकं अर्धवट दिसत असतानाच थांबा. गरम असतानाच जाड पुस्तकाखाली ठेवलं नाही तर मोठा तुकडा थंड होताना पापडासारखा वाकतो. मुलांसोबत करायचं असेल तर हेच घ्या. इस्त्री तेवढी मोठ्यांकडे.

माझा जीव फुलीच्या टाक्यात आहे. १४ काउंटच्या कापडावर इंचाला १४ फुल्या बसतात, म्हणून खेकडा जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला पडला पाहिजे. एक जरी उलटा गेला तरी उजेडात तोच आधी दिसतो. इथली चूक सावकाश छळते. रांगेत एक चौकट मोजायची राहिली, तर ते वीस रांगांनी कळतं, आणि मग उसवणं आलं. म्हणून मी दर दहा चौकटींवर धुता येणाऱ्या पेनने रेघ मारते. मारिओच्या गेममधला अख्खा पडदा भरायचा मोह आवरा. २५६ बाय २४० म्हणजे ६१,४४० फुल्या. तासाला दीडशेच्या माझ्या वेगाने चारशे तासांवर. तेच मण्यांत केलं तर १२८ सेंटिमीटर रुंदीचं धूड होईल, ते टांगायचं कुठे हा प्रश्न वेगळाच.

कॅनव्हासवर चौकटी रंगवत बसणं मला पटत नाही. चिकटपट्टी लावून सरळ कडा काढायच्या, तर मग मणी काय वाईट? शिवाय जुन्या टीव्हीवर पिक्सेल असे धारदार दिसतच नव्हते. शेजारचे रंग एकमेकांत पाझरायचे. ती झाक, तो काळोखातला उजेड रंगवायचा असेल तर कॅनव्हासला तोड नाही. अटारी या गेम-कंपनीच्या जुन्या खोक्यांवरची चित्रं आठवा: आत चार ठोकळे, बाहेर भलंथोरलं युद्ध. चित्रकला आधीपासून येत असेल तरच या वाटेला जा, कारण इथे मोजायला चौकटी नसतात.

विकायचा विचार असेल तर पात्रांचे हक्क कंपन्यांकडे आहेत हे धरून चाला, आणि तीन रंगांत आपलाच एखादा प्राणी बसवा. माझा सध्याचा १६ बाय १६चा आहे. शेपटी मावत नाहीये.