कासवाला वाट देणारी चौकट: आमच्या ट्रॉलरवरचे दोन हंगाम

रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैजवळच्या पाजपंढरीला आमचा एक ट्रॉलर आहे. आमचे हे तांडेल म्हणजे बोटीचे कप्तान, दीर इंजिनावर, बाकी चार खलाशी. किनाऱ्यावरचं डिझेल, बर्फ, हर्णैच्या बंदरावरचा लिलाव आणि हिशेबाची वही माझ्याकडे. ही चौकट पाण्यात कशी चालते ते त्यांनी बघितलं, परवडते का ते मी बघितलं. दोघांचं मिळून लिहिते.

चौकट म्हणजे टेड, इंग्रजीत 'टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस'. लंबगोल कडं, त्यात उभ्या सळ्या. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात मासळी शेवटी ज्या पिशवीत साठते, तिच्या जरा अलीकडे ती तिरकी, साधारण 45 अंशांत शिवतात. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते. कासव सळ्यांवर अडतं, उतारावरून सरकत जातं आणि तिथे जाळ्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं. भोकावर जाळ्याचाच पदर असतो, तो कासवाच्या धक्क्याने उघडतो आणि पाण्याच्या दाबाने परत मिटतो. मोटर नाही, बॅटरी नाही, खलाशाने काही करायचं नाही. आपल्याकडे कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय. शिवण्याच्या मजुरीसकट मला बावीस हजार पडले.

पहिला महिना वाईट गेला, हे आधी सांगते. पदर ढिला शिवला होता. तो मिटायचाच नाही आणि कोळंबीही कासवाच्या वाटेने जायची. वहीत ऑगस्टच्या पानावर ते स्वच्छ दिसतं. ह्यांनी दोनदा पदर उसवला, तिसऱ्यांदा आखूड करून शिवला, तेव्हा जमलं. मग गणपतीनंतर एका सळीचा जोड सुटला. वेल्डिंग एकाच बाजूने केलं होतं. ज्याने बनवली त्याच्याकडे नेली तर म्हणाला, खडकाला लागली असेल. खडकाला लागली असती तर जाळं आधी फाटलं असतं. चौकट घ्याल तेव्हा प्रत्येक जोडावर बोट फिरवून बघा, दोन्ही बाजूंनी.

दुसरी अडचण मोठ्या मासळीची. सळ्यांमधून जे जात नाही ते सगळं बाहेर. पाकट जाते, मोठी घोळ जाते. घोळीच्या भोताला, म्हणजे तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, काय भाव येतो ते इथे कुणाला सांगायला नको. दोन हंगामांत आमच्या किती घोळी त्या भोकातून गेल्या हे कोण मोजणार? पण दीर अजून बोलून दाखवतो, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. जो फक्त कोळंबीवर चालतो त्याला चौकट सोपी आहे. मिश्र मासळीवाल्याने हिशेब करूनच घ्यावी. कोळंबीचं म्हणाल तर पदर नीट झाल्यावर माझ्या वहीत फरक उरला नाही. उलट कचरा आणि दगड कमी आल्यामुळे कोळंबी कमी चेंगरते, आणि लिलावात चांगल्या मालाला बोली चढते.

आता कासवांचं. कासव माशासारखं पाण्यात श्वास घेत नाही, त्याला वर यावं लागतं. आमचं जाळं तीन-तीन तास ओढलं जातं. पूर्वी कासव वर यायचं ते मान टाकलेलं. आमच्यात कासव जाळ्यात आलं की हळदकुंकू लावून परत सोडायची रीत, पण मेलेल्याला कुंकू लावताना हात जड होतो. एकदा असंच एक मेलं समजून टाकणार होते. लेकीने फोनवर सांगितलं, टाकू नका, पोटावर ठेवा, मागची बाजू उचलून धरा, वर ओलं फडकं घाला. बर्फाच्या खोक्यावर मागचा भाग टेकवून ठेवलं. चार तासांनी त्याने पंख हलवला. त्या दिवशी ह्यांनी चौकट घ्यायचं ठरवलं. गेल्या दोन हंगामांत आमच्या जाळ्यातून एकही कासव वर आलेलं नाही.

जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर राज्य सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं. योजना चांगली आहे. पण कापलेलं जाळं शिवेपर्यंत बोट किनाऱ्यावर उभी राहते, आणि बुडून मेलेल्या कासवाला त्याचा काय उपयोग?

लेक रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. ही चौकट आपल्या दारात आली कुठून, ते तिने मला सांगितलं. 1989 साली अमेरिकेने कायदा केला: जाळ्यात कासवं मारून पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड एकत्र जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. भारत आणि पाकिस्तान एका बाजूला, आणि तेही कोळंबीसाठी! मी तिला दोनदा विचारलं. 1998 ला निकाल लागला. कासवं वाचवायचा हेतू रास्त आहे, पण अमेरिका सगळ्यांना सारखं वागवत नाही, असं वरच्या पीठाने म्हटलं. स्वतःच्या शेजारच्या देशांशी तिने कासवांसाठी बसून करार केला होता, आशियातल्या देशांशी मात्र तशी बोलणी न करता थेट बंदी. मला हे फार पटलं. हुकुमाने आलेली वस्तू माणूस अधिकाऱ्यापुरती लावतो. आज अमेरिका आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही, तळ्यातली घेते. तरीही बंदरावर टेडचं नाव काढलं की लोक 'अमेरिकेची जाळी' म्हणून मान फिरवतात.

पण कासव अमेरिकेचं नाही, आपलंच आहे. वेळासला, समोर आंजर्ल्याला, तिकडे गुहागरला अंडी घालतं. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरला जी मादी अंडी घालायला आली, तिच्या पंखाला 2021 साली ओडिशात लावलेला ओळखीचा बिल्ला होता. मध्ये कुणाकुणाची जाळी चुकवत आली असेल ती. मी चौकट लावली, शेजारच्या देशातल्या ट्रॉलरवाल्याने नाही लावली, तर माझे बावीस हजार कन्याकुमारीपर्यंतच पुरले.

हिंदी महासागरातल्या देशांचा कासवांसाठी एक समझोता आहे, 2001 पासून. श्रीलंका त्यात आहे, पाकिस्तान आहे, ओमान आहे. भारत 2007 मध्ये आला. बंधनकारक नाही, सह्या आहेत. सह्यांना मी कमी लेखत नाही, पण त्यातलं आमच्या जेटीवर काय पोहोचलं? माझं मागणं साधं आहे. सळ्यांमधलं अंतर किती, भोक केवढं, हे सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून एकच ठरवावं. अमेरिकेच्या मापात 4 इंचांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आपल्या मासळीला कोणतं माप बरं, ते आपण आणि आपल्या शेजाऱ्यांनी बसून बघावं. दुसरं, बिल्ला सापडला तर तो कुठे कळवायचा, याचा एक कागद आमच्या भाषेत प्रत्येक बंदरावर हवा. हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात पकडलेले मच्छीमारही असतात. पालघरकडच्या बायका त्या यादीची वाट बघत बसतात. माणसांची यादी देता येते, तर बिल्ल्यांचीही देता येईल.

एक आणखी. चौकटीच्या सळ्यांवर प्लॅस्टिक अडकतं, ते दर ओढीला काढावं लागतं, नाहीतर कोळंबीची वाट बुजते. एकदा त्यात उर्दू अक्षरांची बाटली आली. बंदरावरच्या चाचांनी वाचली, कराचीची होती. आपल्याही बाटल्या तिकडच्या कुणाच्या जाळ्यात जात असणार.

31 जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते. चुलत दिरानेही यंदा चौकट सांगितली आहे. वेल्डिंगच्या वेळी मी स्वतः जाऊन उभी राहणार आहे, आणि पदर ह्यांच्याच हातचा असणार.