शिकागोच्या सायकली: शनिवारचं गिऱ्हाईक की मंगळवारचं?

शिकागोच्या 'डिव्ही' या सायकल-सेवेचा फेऱ्यांचा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. गूगलच्या डेटा अ‍ॅनालिटिक्स कोर्समध्ये तोच 'सायक्लिस्टिक' या काल्पनिक कंपनीच्या नावाने येतो. प्रश्न एकच: कॅज्युअल गिऱ्हाइकाला, म्हणजे एकेका फेरीचे किंवा दिवसाच्या पासचे पैसे देणाऱ्याला, वार्षिक सदस्य कसं करायचं? आपल्याकडची बरीच मुलं पोर्टफोलिओसाठी हा प्रकल्प करतात आणि शिफारशीच्या स्लाइडवर येऊन अडतात. तिथे मुख्यतः दोन वाटा फुटतात.

पहिली वाट शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकाची. चार्ट काढला की आधी तोच डोळ्यांत भरतो. २०२३ मध्ये सुमारे ५७ लाख फेऱ्या झाल्या, त्यांतल्या एक-तृतीयांशाहून थोड्या जास्त कॅज्युअल. या फेऱ्या उन्हाळ्यात फुगतात, शनिवारी सर्वांत जास्त होतात आणि सदस्यांच्या फेऱ्यांपेक्षा बऱ्याच लांबतात. त्यांचं लाडकं स्टेशन स्ट्रीटर ड्राइव्ह–ग्रँड अव्हेन्यू, म्हणजे नेव्ही पियरच्या दारातलं. अनेक फेऱ्या तिथेच सुरू होऊन तिथेच संपतात; माणूस मिशिगन सरोवराच्या काठाने हिंडून सायकल परत लावतो. मग 'वीकेंड पास काढा' हे आपसूक सुचतं.

पण नेव्ही पियर हा पर्यटकांचा अड्डा. परवा विमानाने घरी जाणारा वर्षाची वर्गणी का भरेल? शिवाय स्वस्त वीकेंड पास आला, तर आजचे काही पूर्ण सदस्यच खाली उतरून तो घेतील.

दुसरी वाट मंगळवारी सकाळी आठ वाजता सायकल काढणाऱ्याची. हा चार्टवर जेमतेम दिसतो, म्हणून शोधावा लागतो: कामाचा दिवस, सकाळ-संध्याकाळची ऑफिसची वेळ, फेरी वीस मिनिटांच्या आत, सुरुवात आणि शेवट वेगळ्या स्टेशनवर. मग स्टेशनांच्या ज्या जोड्यांमध्ये सदस्य रोज ये-जा करतात, त्यांतच कॅज्युअल फेऱ्या किती हे पाहा. क्लिंटन स्ट्रीट–वॉशिंग्टन बुलेव्हार्डपासून सुरुवात करा; तिथे ओगिल्वी रेल्वे स्थानकातून लोकलचे प्रवासी उतरतात. अशा माणसाची सवय बदलायची नसते, फक्त हिशेब दाखवायचा असतो: फेरी संपताच अ‍ॅपवर 'या महिन्यात इतके पैसे गेले, सदस्य असता तर इतके'.

मी दुसऱ्या वाटेच्या बाजूचा आहे. पण एक मोठी मेख आहे. या डेटात ओळख-क्रमांक फेरीचा आहे, माणसाचा नाही. मंगळवारच्या दहा फेऱ्या एकाच्या की दहा जणांच्या, हे त्यातून कळत नाही. कंपनीकडे खात्यांची नोंद असते, तुमच्याकडे नाही. हे स्लाइडवर सरळ लिहा. मुलाखतीत तोच प्रश्न येतो.

आणि डेटाची साफसफाई करताना हात आवरा. ई-बाइक स्टेशनाबाहेरही लावता येते, त्यामुळे कित्येक ओळींत स्टेशनचं नाव कोरंच असतं. त्या सरसकट उडवल्या तर मुख्यतः ई-बाइकच्याच फेऱ्या जातील. नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे जातं, त्या रात्री काही फेऱ्यांचा वेळ उणे येतो. त्या काढल्या तरी चालेल. दिवसभराहून लांब फेऱ्याही सापडतील, त्या सरासरीला फुगवतात. तेव्हा शनिवारची फेरी किती लांब हे सांगताना मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा, कॅज्युअल आणि सदस्यांच्या फेऱ्यांमधली दरी बरीच कमी झालेली दिसेल.