ड्राइव्हवेचा सीलर: वर बसणारा की आत मुरणारा?

कॅनडातल्या मिसिसागात आमच्या घरासमोर गाडी लावायच्या काँक्रीटवर मी दोन्ही सीलर, म्हणजे पाणी अडवणारे लेप, मारून पाहिलेत. आधी वर थर धरणारा ॲक्रिलिक, नंतर आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हा अनुभव.

पहिल्या दिवशी ॲक्रिलिकच जिंकतो, वादच नाही. नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखा गडद, चकचकीत रंग. येणारा-जाणारा थांबून बघतो. मुरणारा मारला तेव्हा बायकोने खिडकीतून विचारलं, "अरे, सुरुवात कधी करणार आहेस?" दिसत काहीच नाही. पैसे मातीत गेल्यासारखे वाटतात.

पण इथला हिवाळा आठवा. दुपारी बर्फ वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि काँक्रीटची वरची कातडी ढिली करतं. त्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचं पाणी गाडीखालून टपकतं, म्हणून आमच्याकडे पोपडे सुटले ते नेमके चाकं थांबतात तिथेच. ॲक्रिलिक वरचं पाणी अडवतो, पण खालून आणि भेगांतून आलेली ओल त्याच्याखाली अडकते. दुसऱ्याच मार्चमध्ये दुधाळ चट्टे आले आणि बर्फाचं फावडं थराच्या कडेला अडकायला लागलं.

तेही चाललं असतं. माझा धीर सुटला तो थर काढताना. उखडलेल्यावर नवा हात बसत नाही, जुना उतरवावाच लागतो. मे महिन्यातली लाँग वीकेंडची सुट्टी मी गुडघ्यांवर काढली. स्ट्रिपर (थर सैल करणारं रसायन) ओतायचा, थांबायचं, पत्र्याने खरवडायचं. दुधावरची साय गोळा व्हावी तसा तो थर पत्र्यावर जमतो, आणि झटकला तरी चिकटूनच राहतो. वास दोन दिवस गॅरेजमध्ये होता. शिवाय सगळा निघाल्याशिवाय मुरणारा सीलर आत जातच नाही, म्हणजे कोपरेही सोडता येईनात.

मुरणाऱ्याचे चार हिवाळे झाले. वर काही नाहीच, तर सोलणार काय? अर्थात तो जादू नाही. भेगा बुजवत नाही, तेलाचे डाग फारसे अडवत नाही, आणि जिथे कातडी आधीच गेलीय तिथे आधी ढिलं खरवडून पॉलिमरवाल्या मॉर्टरने (सिमेंट-वाळूच्या लगद्याने) भरून घ्यावं लागतं. काँक्रीट मात्र कोरडंठाक हवं. मी दोन दिवस ऊन बघून मगच हात घालतो. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नका, वाळू टाका. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेलं काही तर कधीच नको, ते थेट काँक्रीटच खातं.

मागच्या अंगणात रंगीत, ठसे उमटवलेलं काँक्रीट असेल, रंगच दाखवायचा असेल आणि तिथे फावडं फिरत नसेल, तर ॲक्रिलिकला नाही म्हणणार नाही. पायऱ्यांवर मात्र जरा विचार करा, ओला झाला की पाय सरकतो.

परवा ऑक्टोबरची उघडीप बघून चाकांच्या जागी आणि आजूबाजूला मगभर पाणी ओतलं. बाकीकडे अळवावरच्या थेंबांसारखं घरंगळलं, चाकांच्या जागी मात्र पाणी आत मुरून काँक्रीट काळं पडलं. दोन दिवस उन्हात सुकू दिलं आणि आज मुरणाऱ्याचा उरलेला अर्धा डबा बागेच्या पंपात भरून तेवढाच पट्टा मारला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.